एका वाडग्याची मूक भाषा

ढोकीजवळचें तेर हें संत गोरोबा कुंभारांचें गांव. संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणें मारून कोणतें मडकें पक्कें व कोणतें कच्चें हें गोरोबांनीं पारखिलें, ही कथा सर्वश्रुत आहे. कुंभाराचा हात शब्दावांचून जाणतो, हें तिचें मर्म.

जपानांतील चहाविधीनें हीच जाण कलेच्या पदवीस नेली. सोळाव्या शतकांत सेन नो रिक्यू या चहाचार्यासाठीं चोजिरो या कारागिरानें चाकावांचून, केवळ हातांनीं वाडगे घडविले. 'राकु' या नांवानें ते प्रसिद्ध आहेत. चहागृहाचें दार इतकें ठेंगणें कीं, सरदारालाहि तरवार बाहेर ठेवून वांकूनच आंत शिरावें लागे. दाट चहाचा एकच वाडगा सर्व पाहुणे क्रमानें पितात. प्रत्येक जण कांठ पुसून तो पुढच्याच्या हातीं देतो. ऊब मात्र तशीच पुढें जाते. विश्वासाचा उच्चार करावा लागत नाहीं.

आपल्याकडे कित्येक गांवीं चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्यांसाठीं निराळ्या कपबश्या ठेवीत. तेथेंहि शब्द लागत नसे. अपमान मात्र पोंचत असे. भांडें मातीचेंच, तें माणसें जोडतें कीं तोडतें, हें देणाऱ्याच्या मनावर आहे.