कॅन्सरच्या रुग्णांसोबत दोन महिने

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना काही काळ एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करावे लागते. गेल्या वर्षी मे आणि जून असे दोन महिने मी मुंबईला, परळमधील कॅन्सरच्या रुग्णांना मदत करणाऱ्या एका संस्थेत होते. निघताना आजी म्हणाली, "असल्या रोगाच्या माणसांत कशाला जातेस? लागण झाली म्हणजे?" अशी समजूत आपल्याकडे अनेकांची आहे. म्हणून आधीच सांगते, कॅन्सर हा संसर्गजन्य रोग नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने तो होत नाही.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून तिथे रुग्ण येतात. उपचार रुग्णालयात होतात. पण महिना-दोन महिने राहायचे कुठे, जेवायचे काय, कोणत्या अर्जाला कोणता कागद जोडायचा, हे प्रश्न उरतातच. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते. तरीही जागा पुरत नाही आणि कित्येकजण फुटपाथवर पथारी टाकतात. संस्थेचे काम अशा माणसांसाठी होते.

माझ्याकडे अर्ज भरण्याचे काम आले. रेशन कार्ड, ओळखपत्र, डॉक्टरांचा दाखला, रेल्वे सवलतीचा फॉर्म. आठवड्याभरात माझा हात बसला. आपण फार उपयोगी पडतो आहोत असे मला वाटू लागले.

मराठवाड्यातले एक काका होते. वय बावन्न. मिसरूड फुटायच्या आधीपासून तंबाखू-चुना. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झाले आणि नंतर रेडिएशन सुरू झाले. रुग्ण त्याला 'लाईट' म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे, एकूण तीस वेळा लाईट घ्यायची होती. काकी रोज डब्यात पातळ पेज आणायच्या. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे सगळ्या कागदांच्या खुणा पूर्ण होत्या.

अठरा लाईट झाल्या आणि एके दिवशी दोघे आलेच नाहीत. धर्मशाळेतल्या शेजारणीने सांगितले, "गेले गावाला. मिरग निघाला, पेरणी कोण करणार म्हणत होते."

मी ताईंना, म्हणजे आमच्या प्रमुख कार्यकर्तीला, हे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "त्यांचं रान किती, घरी पेरायला कोण आहे, हे तू कधी विचारलं होतंस?" मी विचारले नव्हते. फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता.

रेडिएशन मधेच सोडले, तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना पुन्हा वाढायला अवसर मिळतो. म्हणून एकेक दिवस मोलाचा होता. मी फोन केला. काकीच बोलल्या. पेरणीचे कारण खरे होते, पण अर्धेच. काकांचे तोंड आतून सोलवटले होते, पाणीसुद्धा गिळवत नव्हते. लाईटनेच आजार वाढला, असे त्यांनी मनाशी धरले होते. बायकोखेरीज कोणाजवळ बोलले नव्हते.

संस्थेत अण्णा नावाचे एक कार्यकर्ते येत. बारा वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा जबडा कॅन्सरमुळे काढावा लागला. बोलणे अस्पष्ट, ऐकणाऱ्याला कान द्यावा लागतो. ताईंनी फोन त्यांच्या हाती दिला. पलीकडून काका म्हणाले, "तुमचं बोलणं नीट कळंना." अण्णा म्हणाले, "बारा वर्षं असाच बोलतोय. पण बोलतोय! माझंही तोंड असंच सोललं होतं. लाईट संपल्यावर भरून आलं."

त्या संध्याकाळी मी काकींच्या भावाशी बोलले. त्याने पेरणी अंगावर घेतली. नवव्या दिवशी दोघे परत आले. इतके दिवस चुकल्याबद्दल डॉक्टरांनी कान उपटले, पण तोंडाला लावायचे औषध दिले, वेदनेच्या गोळ्या दिल्या आणि काही दिवस नाकातून नळी घालून पोटात अन्न जाईल अशी सोय केली. काकांनी तीसही लाईट पूर्ण केल्या. आता ते ठरल्या तारखांना तपासणीला येतात. पुढचे तपासण्याच सांगतील.

माझ्या हातून झालेल्या चुकीतून मला जे कळले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहिला. घरात कोणाचा उपचार चालू असेल, तर "औषध घेतलंत का?" एवढेच विचारून थांबू नका. दुखते काय, गिळता येते का, मागे शेताची, पोरांची चिंता कसली, हेही विचारा. त्रास होत असेल, तर तो डॉक्टरांना सांगा. बहुतेक त्रासांवर उपाय असतो. न सांगता घर गाठणे हा मात्र उपाय नव्हे.

आणि मुळात तिथवर जायची वेळच येऊ नये. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण तंबाखूची पुडी आणि मिश्रीची डबी अजून घरोघर आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, किंवा तोंड उघडल्यावर आपलीच तीन बोटे उभी आत जात नसली, तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला हे दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तोंड दाखवा.

परत आल्यावर मी हे सगळे आजीला सांगितले. तिने मिश्रीची डबी अजून फेकलेली नाही. पण परवा आरशासमोर उभी राहून तोंडात तीन बोटे घालून पाहत होती.