चेंडू मागे देत देत

मुंबई सरकारचा उन्हाळा महाबळेश्वरात आणि पावसाळा पुण्यात, हा इंग्रजी अमदानीतला शिरस्ता. पहिला पाऊस पडायच्या बेताला साहेब मंडळी घाट उतरायची. क्लब, पॉइंटांची नावं, स्ट्रॉबेरीचे वाफे असं बरंच काही त्यांनी मागे ठेवलं. रग्बी तेवढी इथं रुजली नाही. माझा आपला तर्क असा की हा खेळ चिखलातला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर आजही पाऊस लागला की क्रिकेट आवरतं आणि रग्बी सुरू होते. आमच्याकडे महाबळेश्वरात त्या दिवसांत घरादुकानांना गवताचं नाहीतर प्लास्टिकचं आवरण चढवून माणसं आत बसतात. मैदानात लोळायला कोण जाणार!

म्हणून या खेळातल्या एका कारकिर्दीचा माग काढायचा तर पसरणीचा घाट उतरून, वाईवरून पुणं गाठावं लागतं.

वाहबिज भरूचा पुण्याची. 2009 मध्ये भारतातल्या मुलींचा रग्बी संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला, त्या पहिल्या फळीतली ती. रग्बी म्हणजे काय, हे तेव्हा घरोघरी समजावून सांगावं लागे. चेंडू पपईसारखा लांबट. धावायचं पुढं, पण हातानं चेंडू द्यायचा तो मागं किंवा बाजूला. समोरचा खांद्याखाली कवळ घालून आडवा करणार. कबड्डी पाहत वाढलेल्या सातारा-सांगलीच्या माणसाला ही पकड लगेच कळते. कळत नाही ते एवढंच, की पुढं जायचं तर चेंडू मागं का द्यायचा.

सुरुवातीची वर्षं सातजणींच्या रग्बीची. चौदा मिनिटांत सामना आटोपतो. 2012 मध्ये आशियाई महिला स्पर्धा पुण्यातच झाली. पण खेळापेक्षा मोठा हिशेब गुडघ्यांचा होता. धावता धावता पाय रोवून एकदम दिशा बदलायची आणि नेमक्या त्याच क्षणी अंगावर कुणी आदळायचं. गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो तो असाच. दुखापतींनी वाहबिजला मैदानाबाहेर बसवलं. शस्त्रक्रियेनंतर अशा गुडघ्याला आधी सरळ व्हायला शिकवावं लागतं, मग वाकायला. धावणं कित्येक महिन्यांनी. ती पुन्हा खेळायला आलीच, वर स्वतः फिजिओथेरपिस्ट झाली. मला या कारकिर्दीतलं हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. पोट भरायला व्यवसाय हवाच होता, आणि तो तिनं खेळाच्या अगदी शेजारचा निवडला.

कारण रग्बीत पैसा नव्हता. तसा तो जगातही फार जुना नाही. रग्बी युनियनमध्ये खेळाडूनं मोबदला घेण्यावरची बंदी उठली ती 1995 मध्ये. आपल्याकडे बंदीची गरजच पडली नाही. 1998 मध्ये भारताच्या पुरुष संघानं पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तेव्हा त्यात राहुल बोस होता, आणि त्याची ओळख तेव्हाही अभिनेता हीच होती.

2018 मध्ये पंधराजणींचा भारतीय महिला संघ प्रथमच उभा राहिला. ऐंशी मिनिटांचा पूर्ण खेळ, कर्णधार वाहबिज. त्या वर्षी विजय मिळाला नाही. पुढच्या जूनमध्ये मनिलाला सिंगापूरशी गाठ पडली. शेवटच्या मिनिटांपर्यंत एका गुणाची पिछाडी. मग पेनल्टी मिळाली आणि ओडिशाच्या सुमित्रा नायकनं चेंडू खांबांमधून पार केला. 21-19. पंधराजणींच्या रग्बीतला भारताचा पहिला विजय. त्याच 2019 मध्ये जागतिक रग्बी संघटनेनं महिलांच्या खेळाच्या प्रचारासाठी जगभरातले पंधरा चेहरे निवडले, त्यांत वाहबिज होती. ज्या देशात तिकीट काढून रग्बी बघणारा शोधावा लागतो, तिथली मुलगी जगाच्या फलकावर! गंमतच म्हणायची.

पैसा आला तो 2025 च्या जूनमध्ये. मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग भरली, परदेशी नावाजलेले खेळाडू आले, चेन्नईच्या संघानं अंतिम सामन्यात दिल्लीला 41-0 असं धुतलं. भारतीय पोरं पहिल्यांदाच लिलावात उभी राहिली आणि करार घेऊन मैदानात उतरली. फ्रँचायझी सहा होत्या. सहाही संघ पुरुषांचे.