दोन नियुक्तिपत्रे आणि एक व्हिसा: सल्लागार क्षेत्रातील पहिली नोकरी निवडताना

अमेरिकेतील विद्यापीठांतून मे महिन्यात बाहेर पडणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना सल्लागार कंपन्यांत जायचे असते, त्यांच्या मुलाखती बहुतेकदा आधीच्या शरद ऋतूतच उरकलेल्या असतात. एकाऐवजी दोन नियुक्तिपत्रे हाती पडण्याचे भाग्य ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना निर्णयासाठी मिळतात ते दोन-तीन आठवडे, तेही परीक्षांच्या धामधुमीत. अशा वेळी पुण्या-नाशिकच्या घरून फोनवर येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंपनी नावाजलेली आहे ना? दुसरा प्रश्न पगाराचा. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांच्या बाबतीत ते आता पहिल्या क्रमांकाचे राहिलेले नाहीत. २०२५ मध्ये नियम असे बदलले की, कंपनीच्या नावापेक्षा नियुक्तिपत्रातील तीन कोरड्या नोंदींना अधिक वजन आले आहे: रुजू होण्याची तारीख, कार्यालयाचे शहर आणि त्या शहराच्या मानाने मूळ वेतन.

प्रथम एका शब्दाविषयी. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधील भारतीय घरांत 'कन्सल्टिंग' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मॅकिन्झी, बीसीजी, बेन, डेलॉइट, अ‍ॅक्सेंचर यांसारख्या कंपन्यांचा. दुसरा, माहिती-तंत्रज्ञानाची माणसे इतर कंपन्यांना पुरवणाऱ्या छोट्या दलालवजा 'कन्सल्टन्सी'चा. या दुसऱ्या प्रकारातही सचोटीने चालणारे व्यवसाय आहेत. परंतु जी कंपनी प्रशिक्षणाचे किंवा व्हिसाचे पैसे उमेदवाराकडून मागते, अनुभवपत्र फुगवण्यास सुचवते किंवा प्रकल्प मिळेपर्यंत बिनपगारी 'बेंच'वर बसवण्याची भाषा करते, तिचे पत्र हे नियुक्तिपत्र समजूच नये. एच-१बीवरील कर्मचाऱ्याला काम नसतानाही वेतन देणे कायद्याने बंधनकारक आहे. पुढील विवेचन पहिल्या प्रकारच्या नोकऱ्यांविषयी आहे.

तारखेचा प्रश्न

पदवीनंतर मिळणारी ओपीटी ही कामाची परवानगी १२ महिन्यांची असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या म्हणजे 'स्टेम' यादीतील अभ्यासक्रमांसाठी ती आणखी २४ महिने वाढते, मात्र त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी प्रणालीत नोंदलेली असावी लागते. मोठ्या कंपन्यांबाबत ही अडचण सहसा नसते. पंधरा-वीस माणसांच्या सल्लागार संस्थेला मात्र ते आधीच विचारलेले बरे.

ओपीटीच्या पहिल्या वर्षात बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात. ओपीटी अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आत सुरू करावी लागते. म्हणजे मेच्या मध्यावर पदवी मिळालेल्याने ती जास्तीत जास्त जुलैच्या मध्यापर्यंत ढकलली, तरी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काम सुरू व्हायलाच हवे. आता सल्लागार क्षेत्राची एक जुनी सवय लक्षात घेतली पाहिजे. मंदीची चाहूल लागली की या कंपन्या दिलेली नियुक्तिपत्रे सहसा मागे घेत नाहीत, पण रुजू होण्याची तारीख पुढे ढकलतात. २०२३ मध्ये अनेक नामवंत कंपन्यांनी नव्या भरतीला काही महिने, काहींनी तर पुढच्या वर्षापर्यंत, थांबवले होते. अमेरिकी नागरिक असलेल्या तरुणाला ती युरोप पाहून येण्याची संधी वाटते. एफ-१वरील विद्यार्थ्याचे त्याच काळात दिवस मोजले जात असतात, आणि ज्यांनी भारतातील बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेतले आहे त्यांच्या हप्त्यांचा सवलतीचा काळही संपत आलेला असतो.

त्यामुळे दोन प्रस्तावांपैकी एकात 'जुलै' आणि दुसऱ्यात 'शरद ऋतूत, तारीख नंतर कळवू' असे लिहिले असेल, तर तो तपशील किरकोळ नाही. तारीख पुढे गेल्यास परदेशी विद्यार्थ्यांना आधी रुजू करून घेणार का, हे मनुष्यबळ विभागाला सरळ विचारावे. हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

शहर आणि वेतनश्रेणी

एच-१बीच्या वार्षिक मर्यादेत ६५,००० जागा सर्वसाधारण आहेत आणि २०,००० अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी. अर्ज अधिक आले की सोडत, आणि सोडतीत सगळ्यांची संधी सारखी, असे आजवर चालत आले. डिसेंबर २०२५ मध्ये गृहसुरक्षा विभागाने अंतिम केलेला नियम २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाला आणि ही समानता संपली. आता चौथ्या वेतनश्रेणीतील उमेदवाराचे नाव सोडतीत चार वेळा घातले जाते, तिसऱ्यातील तीन वेळा, दुसऱ्यातील दोन वेळा आणि पहिल्यातील एकदाच. नुकत्याच पदवीधर झालेल्यांचे वेतन साहजिकच पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या आसपास घोटाळते. हे अन्यायाचे वाटेल, आणि अनुभव नसणाऱ्यांच्या दृष्टीने ते तसे आहेही.

निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, श्रेणी ठरते ती श्रम विभागाने त्या व्यवसायासाठी आणि त्या विशिष्ट भागासाठी काढलेल्या दरांवरून. समजा, बिझनेस अ‍ॅनालिटिक्समध्ये पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या एका मुलीपुढे दोन प्रस्ताव आहेत: न्यूयॉर्कमध्ये ९५,००० डॉलर आणि ओहायोतील कोलंबसमध्ये ८८,००० डॉलर. कागदावर न्यूयॉर्क वरचढ दिसते. घरभाडे धरले की पारडे फिरते, हे कोणीही सांगेल. परंतु न्यूयॉर्कच्या चढ्या दरांमुळे तेथील ९५,००० पहिल्याच श्रेणीत राहतील आणि कोलंबसचे ८८,००० दुसरीत जातील, ही शक्यता फार थोडे जण तपासतात. हे दर श्रम विभागाच्या संकेतस्थळावर व्यवसाय आणि भाग निवडून कोणालाही पाहता येतात. पाच मिनिटांचे काम आहे.

या फरकाने किती बिघडते? नियमाचा मसुदा मांडताना विभागाने स्वतः दिलेल्या अंदाजानुसार पहिल्या श्रेणीतील उमेदवाराची निवड होण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, तर दुसऱ्या श्रेणीतील सुमारे ३१ टक्के होती. स्टेम पदवीधराला साधारण तीन मार्च महिने, म्हणजे तीन संधी मिळतात. तिन्ही वेळा श्रेणी तीच राहिली असे धरले, तर एकदा तरी नाव लागण्याची शक्यता पहिल्या श्रेणीत सुमारे ३९ टक्के आणि दुसऱ्या श्रेणीत सुमारे ६७ टक्के निघते. प्रत्यक्षात अर्जांची संख्या दरवर्षी बदलेल आणि पगारवाढ मिळून श्रेणीही बदलू शकेल. तरीही अंतराचा अंदाज यावरून येतो. स्टेमबाहेरच्या पदवीधराला बहुधा एकच संधी असते. त्याच्या बाबतीत श्रेणीचे मोल आणखी वाढते.

यात दोन बारकावे आहेत. एकाहून अधिक कार्यस्थळे दाखवावी लागली, तर त्यांतील सर्वांत खालची श्रेणी धरली जाते. सल्लागाराचे काम ग्राहकाच्या गावी चालत असल्याने हा मुद्दा पुस्तकी नाही. दुसरे असे की, 'व्यवस्थापन विश्लेषक' आणि 'सॉफ्टवेअर विकसक' यांचे दर वेगळे असतात. पदनाम दोन्हीकडे 'असोसिएट कन्सल्टंट' असले, तरी कंपनीचे वकील प्रत्यक्ष कामावरून व्यवसायाचा वर्ग ठरवतात.

सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने नव्या एच-१बी अर्जांवर लादलेले एक लाख डॉलरचे शुल्क हा निराळा विषय. मूळ आदेश १२ महिन्यांचा होता, आणि अमेरिकेत राहूनच व्हिसाचा दर्जा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा नागरिकत्व विभागाने ऑक्टोबरमध्ये केला. पण दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेल्यास तो सोडून दिल्यासारखे मानले जाते. म्हणून ज्या कंपनीत नवख्यांनाही परदेशी प्रकल्पांवर धाडण्याची प्रथा आहे, तिथे 'त्या काळात मला अमेरिकेतच ठेवाल का' हा प्रश्न विचारणे भित्रेपणाचे नाही.

काम नक्की कोणते

व्हिसाचा विचार इथवर. एवढ्यावरच निवड करणेही चुकीचे ठरेल, कारण पहिल्या दोन वर्षांत जे काम हाताखालून जाते त्यावर तिसऱ्या वर्षाची नोकरी ठरते. 'कन्सल्टिंग' या एकाच छत्राखाली एक जण कंपनी विकत घ्यावी की नाही याचा अभ्यास करतो, दुसरा एखाद्या रुग्णालयात सॅपची प्रणाली बसवतो आणि तिसरा बँकेच्या नियामक अहवालांचे रकाने भरतो. तिन्ही कामे प्रतिष्ठेची आहेत, पण एकातून दुसऱ्यात उडी मारणे दिसते तितके सोपे नाही. मोठ्या नावाच्या कंपनीतील तिसरे काम घ्यावे की लहान संस्थेतील पहिले, असा पेच पडल्यास बहुतेकदा दुसरा पर्याय अधिक शिकवून जातो. अर्थात ती संस्था एच-१बी आणि पुढे ग्रीन कार्डची प्रक्रिया करत असेल तर. भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डची रांग दशकाहून लांब आहे. अर्ज मंजूर झाल्यावर नोकरी बदलली, तरी रांगेतील तारीख सहसा टिकते. म्हणून प्रक्रिया पहिल्या वर्षी सुरू करणारी कंपनी आणि तिसऱ्या वर्षी 'विचार करू' म्हणणारी कंपनी यांतील फरक पगारात मोजता येत नाही.

कामाची खरी माहिती भरती अधिकाऱ्याकडून मिळत नाही. ती मिळते दोन वर्षांपूर्वी तिथे लागलेल्यांकडून. गेल्या वर्षभरात किती प्रकल्प झाले, प्रकल्प स्वतः निवडता येतो की मिळेल तो घ्यावा लागतो आणि सोडून गेलेले कुठे गेले, एवढे विचारले तरी चित्र स्पष्ट होते.

अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलामुलींना वरील अर्धा हिशेब लागू नाही. त्यांच्यापुढे संघराज्य सरकारसाठी काम करणाऱ्या सल्लागार कंपन्यांचे दारही उघडे असते, कारण त्यातील पुष्कळशा कामाला नागरिकत्व आणि सुरक्षा मंजुरी लागते. एकेकाळी ही नोकरी सर्वांत भरवशाची मानली जाई. २०२५ मध्ये सरकारने सल्लागारांची कंत्राटे छाटायला घेतली आणि मे महिन्यात बूझ अ‍ॅलनने सुमारे २,५०० पदे कमी करण्याचे जाहीर केले. भरवशाची व्याख्या तिथेही बदलली आहे.

उरली रकमेची गोष्ट. साइनिंग बोनस हा पगार नव्हे. वर्षाच्या आत सोडल्यास तो बहुधा परत करावा लागतो, आणि काही पत्रांत करपूर्व रक्कम परत मागण्याची अट असते. ती ओळ वाचूनच सही करावी. उलट एफ-१वरील विद्यार्थ्याला सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपात लागत नाही. पगारपत्रकात ती चुकून दिसली, तर दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे.

निर्णयाला मुदत कमी पडत असेल, तर आठवडाभर वाढवून मागण्यात काही गैर नाही. विद्यापीठाचे करिअर केंद्र त्यासाठी मदत करते आणि अनेक विद्यापीठांचे याबाबत स्वतःचे नियम असतात. मात्र एकदा होकार कळवून नंतर तो मोडणे या क्षेत्रात दीर्घकाळ लक्षात ठेवले जाते. नकार द्यायचा असेल तेव्हा आधी फोन करावा आणि त्याच दिवशी चार ओळींचे आभारपत्र पाठवावे. एच-१बीच्या सोडतीत नाव न लागल्यास दोन वर्षांनी त्याच व्यक्तीला पुन्हा फोन करण्याची वेळ येऊ शकते.