पाय पाहणारा वैद्य

आपल्या घरांत पायांना केवढा मान ! वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोकें ठेवल्यावांचून मुलें परीक्षेस जात नाहींत. परंतु ज्या पायांना आपण इतके नमस्कार करतों, त्यांचे तळवे आपण कधीं पाहतों काय ? माझ्या वडील बंधूंच्या पायांना मीं पन्नासांहून अधिक वर्षें नमस्कार केला. तळवा मात्र प्रथम पाहिला तो जखम चिघळल्यावर.

त्यांना मधुमेह होऊन १५ वर्षें झालीं होतीं. वैशाखांत नागपूरच्या उन्हानें देवळाचें फरसबंद अंगण तव्यासारखें तापलें असतां त्यांनीं अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. तळवा भाजला, पण त्यांस कळलें नाहीं. औषध नियमित होतें, रक्ताची तपासणीही वेळच्या वेळीं होत असे. परंतु इतक्या वर्षांत "जरा मोजे काढा पाहूं" असें कोणीं म्हटलें नव्हतें. शेवटीं पायाचीं दोन बोटें गेलीं. तेव्हांपासून, जन्मभर मुलांना शिकविणाऱ्या माझ्या मनांत एकच प्रश्न घोळत आहे: पाय पाहावयास विद्यार्थ्याला शिकवावें कसें ?

इंग्लंड-अमेरिकेंत पायांची चिकित्सा हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यास पोडायट्री म्हणतात. इंग्लंडांत त्याचा अभ्यासक्रम साधारणतः ३ वर्षांचा असतो. अमेरिकेंत महाविद्यालयांत ४ वर्षें आणि पुढें रुग्णालयांत ३ वर्षें उमेदवारी करावी लागते. दोहींकडे विद्यार्थी गुरूच्या देखरेखीखालीं खऱ्या रुग्णाचे पाय हातांत घेतो. आपल्याकडे असा स्वतंत्र वैद्य अजून विरळा. म्हणून हें काम डॉक्टर, परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांनींच शिकून घेतलें पाहिजे.

यांतील तत्त्व आपणांस नवें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय योग्यासूत्रीय नांवाचा आहे. योग्या म्हणजे सराव. छेदन भोपळा, काकडी अशा फळांवर शिकावें, वेधन मेलेल्या जनावराच्या शिरांवर किंवा कमळाच्या देठावर, पट्टी बांधणें पुतळ्यावर. कितीही ग्रंथ पढलेला असला तरी सरावावांचून शिष्य कर्मास अयोग्यच, असें आचार्य बजावतात. दहावा अध्याय व्यवसायांत पहिलें पाऊल टाकणाऱ्या वैद्यासाठीं आहे. त्यानें नखें-केस कापलेले असावे, वस्त्र शुभ्र असावें, वाणी स्नेहाची असावी. रोग जाणण्याचे उपाय सहा: पांच इंद्रियें आणि सहावा प्रश्न. या सहांपैकीं एकही उपाय माझ्या बंधूंच्या तळव्यापर्यंत पोंचला नव्हता !

विदर्भांत याचा वस्तुपाठही घडलेला आहे. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांस कुष्ठरोग झाला होता. गांधीजींनीं त्यांस सेवाग्रामांत जवळच झोपडी दिली आणि त्यांच्या जखमा स्वतःच्या हातांनीं धुतल्या. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठसेवेचें काम उभें केलें होतें. शास्त्रीबुवांचा अंत १९४५ सालीं तेथेंच झाला. पुढें १९६९ सालीं सेवाग्रामांत वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेथील नव्या विद्यार्थ्यांना आरंभीं सुमारें पंधरा दिवस आश्रमांत राहावें लागतें. शरीरशास्त्राच्या आधीं सेवेचा पाठ, हा क्रम मला योग्य वाटतो.

कुष्ठरोगाचें नांव येथें उगीच घेतलें नाहीं. १९४६ सालीं वेल्लोरास आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, कुष्ठरोग्याचीं बोटें रोगानें आपोआप सडत नाहींत. वेदना मेल्यामुळें त्याला इजा कळत नाहीं, आणि न कळलेली इजा वाढत जाते. मधुमेहांतही पुष्कळदां हेंच घडतें. म्हणून विद्यार्थ्यानें १० ग्रॅम दाबानें वाकणारा नायलॉनचा तंतु रुग्णाचे डोळे मिटवून तळव्यास लावावा व "कळलें का ?" असें विचारावें. पावलाच्या वर व आंतल्या घोट्यामागें नाडी चांचपावी, बोटांच्या बेचक्यांत पाहावें, जोड्यांत हात घालून खिळा टोचतो कीं काय तें पाहावें. याला बुद्धि थोडी व धीर फार लागतो. तो पुस्तकांत मिळत नाहीं. २०१९ पासून आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत रुग्णाशीं वागणें-बोलणें हा रीतसर विषय झाला आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

पण सारा भार महाविद्यालयांवर टाकून कसें चालेल ? एकत्र कुटुंबांत पाहणारे डोळे पुष्कळ असतात. मधुमेह असलेल्या आजोबांचे तळवे रोज संध्याकाळीं कोणी तरी दिव्यापाशीं पाहावे. भेग, फोड, लाली दिसतांच वैद्याकडे जावें. उन्हाळ्यांत अनवाणी चालूं देऊं नये. प्रदक्षिणा सकाळच्या गारव्यांत घातली म्हणून देव रागावत नाहीं.

आमच्या घरीं आतां हें काम माझी नात करते. "आजोबा, पाय वर घ्या," म्हणते आणि कंदिलासारखा दिवा धरून तळवा न्याहाळते. बंधूंच्या घरीं असें कोणी असतें, तर तीं दोन बोटें वांचलीं असतीं.