नवा आल्टरनेटर, जुना ताप

माणसाला ताप आला म्हणजे शहाणा वैद्य आधी नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि मगच पुडी बांधतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा होतो. डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागला, की निकाल ठरलेला: ‘आल्टरनेटर गेला, नवा टाका!’ नवा बसतो, दिवा विझतो, बिल चुकते होते. आणि आठ-पंधरा दिवसांत बॉनेटखालून करपल्यासारखा वास येऊ लागतो. पुन्हा गॅरेज, पुन्हा नवा आल्टरनेटर. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खिशाला हा दुहेरी खर्च जड जातोच. पण सुट्टीत मुलाबाळांसह गावी निघाले असता खंबाटकीच्या घाटात रात्री दिवे मंदावत गेले, तर प्रश्न पैशांपुरता उरत नाही.

तापणे हा धर्म, करपणे हा दोष

आल्टरनेटर म्हणजे मोटारीतले छोटेसे वीजघर. जुन्या अँबॅसेडर आणि फियाट गाड्यांत हे काम डायनामो करीत असे. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० साली आपल्या व्हॅलियंट गाडीत आल्टरनेटर आणला आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. तत्त्व जुनेच, मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवा, तारेत वीज उत्पन्न होते. इंजिनाचा पट्टा आल्टरनेटरमधला विद्युत्-चुंबक फिरवितो. भोवतालच्या वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारी वीज तयार होते. डायोड नावाची एकमार्गी फाटके तिला एका दिशेला लावतात. आणि रेग्युलेटर नावाचा कारभारी तिचा दाब आवाक्यात ठेवतो.

या साऱ्या उलाढालीत बरीच शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १४ व्होल्ट दाबाने ६० अँपिअर वीज द्यायची, तर ८४० वॅट झाले. इंजिनाकडून घेतलेल्या शक्तीपैकी साधारण ५५ ते ६० टक्केच वीज बनते, असे धरले, तर सुमारे ६०० वॅटची उष्णता त्या मूठभर यंत्रातच निर्माण होते. हलक्या विजेच्या इस्त्रीच्या जवळपासच म्हणा ना! त्यातून शेजारी तापलेले इंजिन. तेव्हा चालल्यानंतर आल्टरनेटरला हात लावला आणि चटका बसला, एवढ्यावरून तो नादुरुस्त ठरत नाही. वार्निश जळल्याचा वास, धूर, काळवंडलेली वेटोळी, घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, ही खरी दुखण्याची लक्षणे.

रोग रेड्याला, औषध पखालीला

नवा आल्टरनेटर करपतो, तेव्हा पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. त्यांतला एक निकामी झाला, की बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास अडकते. रेग्युलेटरला वाटते, बॅटरी उपाशी आहे. तो आल्टरनेटरला आणखी राबवितो. बॅटरीचे पोट मात्र भरत नाही. तळ फुटलेल्या रांजणात पाणी भरणाऱ्याची दमछाक व्हावी, तसा प्रकार. साफ उतरलेली बॅटरी नव्या आल्टरनेटरच्या गळ्यात बांधणेही असेच अन्यायाचे. ती आधी बाहेर चार्जरवर भरून घ्यावी.

दुसरा संशय तारांच्या सांध्यांवर. परिचयातल्या एका गृहस्थांच्या गाडीत दोन महिन्यांत दोन आल्टरनेटर जळाले. तिसरा घेण्यापूर्वी एका वयस्कर इलेक्ट्रिशियनने पाठीमागच्या जाड तारेचे टोक नुसते सोडवून पाहिले. नटाखालचा तांब्याचा डोळा काळा ठिक्कर पडला होता. प्रत्येक वेळी नव्या यंत्राला तोच जळका डोळा कसला गेला होता! अशा सांध्यात अवघा एक शतांश ओहम अडथळा असला, तरी ६० अँपिअरला तेथे ३६ वॅट उष्णता तयार होते. जणू एखादी डाग देण्याची कावीळ तेथे तापत ठेवली आहे. आणि बहुतेक आल्टरनेटरांत डायोड त्याच टोकाशी असतात. जळके टोक कापून नवा डोळा घट्ट दाबून बसविला आणि मगच तिसरा आल्टरनेटर लावला. तो टिकला.

नाडीपरीक्षा

साधा मल्टिमीटर घेऊन पुढील तपासणी घरच्या अंगणातही करता येते.

पहिली: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब पाहावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेले, १२.२ म्हणजे अर्धे, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामे.

दुसरी: इंजिन थोडे वेगात चालवून मोजावे. सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात. १५ च्या वर काटा जात असेल, तर रेग्युलेटर किंवा त्याला बॅटरीची खबर देणारी बारीक तार बिघडलेली असते. मात्र अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमीजास्त करतो. तेथे गाडीचे माहितीपुस्तकच प्रमाण मानावे.

तिसरी: दिवे आणि पंखा चालू ठेवून मीटरची एक सुई आल्टरनेटरच्या जाड टोकाला, दुसरी बॅटरीच्या धन टोकाला लावावी. फरक ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक असल्यास तार वा सांधा सदोष. मग आल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्येही तसेच पाहावे. अर्थिंगची पट्टी गंजलेली असल्यास येथे उघडकीस येते.

चौथी: मीटर उलटसुलट विजेवर, म्हणजे ‘ए.सी.’वर ठेवून बॅटरीवर मोजावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त आल्यास डायोडवर संशय घ्यावा. रात्रभर बंद असलेल्या गाडीचा आल्टरनेटर सकाळी कोमट लागला, तर तो संशय अधिकच बळावतो.

पट्टा आणि वारा

विजेचे आकडे सारे ठीक आले, की यांत्रिक बाजू पाहावी. पट्टा फाजील ताणला, तर बेअरिंग तापते. ढिला राहिला, तर घसरून पुली तापते. दोन पुली एका रेषेत नसल्या, तरी हाच त्रास. आल्टरनेटर गार ठेवणारे हवेचे नळकांडे किंवा एक्झॉस्टजवळची पत्र्याची ढाल बदलण्याच्या गडबडीत परत बसवायची राहिली आहे काय, हेही बघावे. आणि मूळ यंत्र ९० अँपिअरचे असताना ६० चे गळ्यात पडले नाही ना, याची पाटी वाचून खात्री करावी.

इंजिन चालू असताना पदर, ओढणी, सैल बाह्या पट्ट्यापासून दूर असाव्यात. जाड तार सोडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. ‘चालत्या इंजिनात बॅटरीची तार काढून बघू’ ही डायनामोच्या काळातली तपासणी कोणी करू लागल्यास त्याला तेथेच थांबवावे. एकाएकी उसळलेल्या दाबाने डायोड आणि गाडीतला संगणक, दोन्ही क्षणार्धात जातात.

गॅरेजमध्ये जाताना हे आकडे कागदावर टिपून न्यावेत. ‘नवा टाका’ असे कोणी म्हणाले, तर ‘जुना कशाने गेला?’ एवढे शांतपणे विचारावे. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. तो मीटर बाहेर काढतो.