तेच अणू, नवी रचना

कऱ्हाडजवळील मलकापुरातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. त्यावर रात्रंदिवस वाहनांची रीघ असते. पूर्वी याच मार्गावरील खंबाटकीचा घाट चढताना एखादी मोटार ‘खट् खट्’ असा आवाज करू लागे. असे का होई?

इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबून ठिणगीने पेटवतात. ज्योत सर्वत्र पसरण्यापूर्वीच त्यातील काही भाग आपोआप पेटला, तर इंजिनास धक्के बसतात. हा दोष टाळण्याची पेट्रोलची शक्ती ज्या अंकाने मोजतात, त्यास ऑक्टेन अंक म्हणतात.

हा अंक वाढावा म्हणून पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. परंतु धुरावाटे ते शिसे हवेत जाई. शिसे विषारी असून बालकांच्या मेंदूच्या वाढीस त्याने अपाय होतो. म्हणून २००० साली भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. मग शिशाचे काम कोणी करावयाचे?

रसायनशास्त्राने जे उपाय दिले, त्यांतील एक मोठा मौजेचा आहे. पाच मुले हात धरून एका ओळीत उभी आहेत, असे समजा. शेवटचा मुलगा ओळ सोडून दुसऱ्या मुलाच्या बाजूला उभा राहिला. मुले तीच, संख्याही तीच. आकृती मात्र बदलली. पेंटेनच्या रेणूत कार्बनचे ५ व हायड्रोजनचे १२ अणू असतात. कार्बनचे अणू सरळ साखळीत असता ऑक्टेन अंक सुमारे ६२ भरतो. साखळीस फाटा फुटला की तोच सुमारे ९२ होतो! फाटा असलेला रेणू सहजासहजी आपोआप पेटत नाही. अशा पदार्थांना समघटक म्हणतात.

मुंबईत माहुल येथे १९५५ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना आज भारत पेट्रोलियमचा आहे. तेथे ही रचना बदलण्याची व्यवस्था आहे. हलक्या तेलाची वाफ हायड्रोजनसह प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकावरून नेतात. उत्प्रेरक स्वतः खर्च न होता क्रिया घडवून आणतो. एका फेरीत सर्वच रेणू बदलत नाहीत. उरलेले वेगळे काढून पुन्हा धाडता येतात.

मोटारींचा धूर आजही निरुपद्रवी झालेला नाही. परंतु मलकापूरच्या रस्त्याकडेने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या श्वासात पेट्रोलमधील ते शिसे आता जात नाही. विषाने होणारे काम नुसत्या रचनेने साधले, ही काय लहान गोष्ट आहे?