मैत्रीचा दुसरा भाग

दहावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटले जातात, मार्कांची चर्चा होते, कोण कुठं ॲडमिशन घेणार याचे हिशेब सुरू होतात. या गडबडीत एका गोष्टीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या, एकाच एसटीनं ये-जा केलेल्या दोन मैत्रिणी आता वेगळ्या होणार असतात. एक नगरला नाहीतर पुण्याला जाते, दुसरी गावातच राहते. तिचा चेहरा उतरलेला दिसला तर आपण म्हणतो, "अगं, मिळतील की दुसऱ्या मैत्रिणी!" झालं, विषय संपला.

पण मैत्रिणींनो, ज्यांना आपण 'पोरांची कार्टून्स' म्हणतो, त्यांनी हा विषय इतक्या सहज सोडून दिलेला नाही. मी किशोरवयीन मुलींच्या एका गटासोबत काम करते. सुट्टीत त्यांच्याबरोबर असे तीन-चार सिनेमे पाहिले. पहिल्या भागात मैत्री जुळते. पुढच्या भागात मात्र ताटातुटीची वेळ येते.

'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट' (२०१८) मध्ये व्हिडिओ गेमच्या जगातली चिमुकली व्हॅनेलोपी एका नव्या गेममध्ये रमते. धिप्पाड राल्फला ते सोसत नाही. तिनं परत यावं म्हणून तो त्या गेममध्ये व्हायरस सोडतो. मग त्याच्याच असुरक्षितपणाचा एक अक्राळविक्राळ राक्षस तयार होतो आणि तिच्या मागं लागतो. शेवटी राल्फ तिला जाऊ देतो. दोघं दूर राहून बोलत राहतात आणि राल्फ आपल्या इथल्या मंडळींत मिसळू लागतो.

'टॉय स्टोरी'तले वूडी आणि बझ १९९५ पासूनचे सोबती. चौथ्या भागाच्या (२०१९) शेवटी वूडीचा पाय निघत नाही, तेव्हा बझच त्याला मोकळं करतो. 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'च्या तिसऱ्या भागात (२०१९) हिकप आपल्या लाडक्या ड्रॅगनला त्याच्या सुरक्षित जगात जाऊ देतो. काही वर्षांनी आपापल्या लेकरांसह दोघं भेटतात, तेव्हा ओळख पटायला थोडा वेळ लागतो, पण पटते!

मुलींना सगळ्यात जवळची वाटली ती 'इनसाइड आउट २' (२०२४) मधली तेरा वर्षांची रायली. जिवलग मैत्रिणी दुसऱ्या शाळेत जाणार, हे तिला हॉकीच्या शिबिराला जाताना वाटेत कळतं. पुढं एकटी पडण्याच्या धास्तीनं ती आत्ताच मोठ्या मुलींच्या मागं लागते आणि जुन्या मैत्रिणींना दुखावते. नंतर ती माफी मागते, मनं जुळतात. शाळा मात्र वेगळी ती वेगळीच.

सिनेमा संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "काकू, यात मैत्रिणींमध्ये वाईट कुणीच नाही!" अगदी नेमकं बोलली पोर. आपल्या मालिकांमध्ये मैत्री तुटायला कुणीतरी कारस्थानी बाई लागतेच. इथं भांडण न होताही माणसं दुरावतात आणि दुरावूनही मैत्री राहते.

तरी एक फरक मला खुपला. वूडी आणि व्हॅनेलोपी स्वतःच्या मर्जीनं जातात. आपल्याकडं तसं कुठं असतं? पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी मुली दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि बाकावरची मैत्रीण कित्येक महिने एकटी बसते. कुणाची शाळा पैशापायी सुटते, कुणाचं लग्न ठरतं. मुलीला विचारतं कोण?

म्हणून मैत्रिणींनो, निदान एवढं तरी करू या. मैत्रीण जाणार असेल तर लेकीला आधीच सांगू या. दोघींना निवांत एक दिवस देऊ या, रडू आलं तर रडू देऊ या. मागं राहणारीला जास्त जपू या, कारण कौतुक जाणारीच्या वाट्याला जातं. नंतर फोनवर बोलत बसल्या तर करवादू नये. आणि 'माझी मैत्रीण अचानक शाळेत यायची बंद झाली' असं लेक सांगत असेल, तर कान देऊन ऐका. अठराच्या आतलं लग्न कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याची कुणकुण बहुधा आधी मैत्रिणीलाच लागते. अशा वेळी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फिरवायला कचरू नका.

आणि हो, आपल्या घरात आलेल्या सुनेचीही एखादी मैत्रीण कुठंतरी मागं राहिलेली असते. तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे का? नसेल तर आज विचारा. आणि जमलं तर यंदाच्या पंचमीला तिलाही घरी बोलवा.